कुणाला सांगणार नाही ना?

समुपदेशकाच्या खोलीत पहिल्यांदा आलेला माणूस मूळ विषयावर यायच्या आधी बहुतेक वेळा एक प्रश्न विचारतो. कधी थेट, कधी आडून. ‘हे बाहेर जाणार नाही ना?’ विचारणारी विशीतली मुलगी असते, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असतात, ‘खताच्या दुकानात जाऊन येतो’ असं घरी सांगून तालुक्याला आलेला तरुण शेतकरी असतो. या प्रश्नाला ‘अजिबात नाही, निर्धास्त राहा’ असं उत्तर देणं सगळ्यात सोपं. ते ऐकून समोरचा माणूस सैल होतो आणि बोलू लागतो. पण ते उत्तर खरं नसतं. भारतातल्या कुठल्याही समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला इतकं सरसकट वचन कायद्यानं देताच येत नाही. आणि जे वचन पुरतं पाळता येणार नाही ते पुरतं असल्यासारखं देणं, ही समोरच्या माणसाची पहिली फसवणूक.

गोपनीयता म्हणजे समुपदेशकानं तोंड बंद ठेवणं, एवढंच आपण धरून चालतो. ते तर हवंच. पण खोलीचं दार, रिसेप्शनवरचं रजिस्टर, मोबाइल, बिल, संगणक, कोर्टाचं समन्स या सगळ्या ठिकाणी ती राखावी लागते. शिवाय आपल्याकडे ती दुष्टपणानं फार क्वचित मोडली जाते. बहुतेकदा मोडते ती काळजीपोटी. आई, नवरा, वर्गशिक्षक, फॅमिली डॉक्टर, सगळे भल्यासाठीच विचारत असतात. म्हणूनच त्यांना नाही म्हणणं अवघड जातं.

ही जाणीव आपल्या वैद्यकपरंपरेत जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला गुरू जे नियम घालून देतो, त्यात रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत असा स्पष्ट नियम आहे. हिपोक्रेटिसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक शपथेतही तेच आहे. त्या काळी वैद्य रुग्णाच्या घरी जाई. आज समुपदेशकाकडे माणूस आपलं घर सोबत घेऊन येतो: सासू, नवरा, भावानं बुडवलेलं कर्ज, वडिलांची दारू, मनगटावर ब्लेड मारून घेतल्याच्या खुणा. शरीराच्या आजाराची बातमी फुटली तर लोक विचारपूस करायला येतात. मनाच्या आजाराची फुटली तर येणारेही यायचे थांबतात, ठरत आलेलं लग्न फिसकटतं, बढती दुसऱ्याला मिळते.

सेशन संपून तासही झालेला नसतो आणि फोन वाजतो. ‘मॅडम, मी तिची आई बोलतेय. ती आमच्याशी काहीच बोलत नाही हो. तुम्हाला काय म्हणाली तेवढं सांगा, मी तिला कळू देणार नाही.’ या आवाजात कपट नसतं. फी आईनंच भरलेली असते, रिक्षानं आणून सोडलेलं असतं, रात्री जागून काढलेल्या असतात. मुलगी तेवीस वर्षांची आहे, कमावती आहे, हे त्या घडीला आईच्या मनात नसतं. पण ‘कळू देणार नाही’ हा शब्द घरात टिकत नाही. पुढच्याच भांडणात तोंडून निघून जातं, ‘त्या मॅडमना काय काय सांगून आलीस ते माहीत आहे मला.’ त्यानंतर मुलगी त्या समुपदेशकाकडे पुन्हा येत नाही, आणि पुढची कित्येक वर्षं दुसऱ्या कुणाकडेही जात नाही.

अशा फोनवर काय बोलायचं याची तयारी आधीच लागते. आईचं म्हणणं ऐकून घ्यायला काही हरकत नाही, ऐकल्यानं कुणाचं गुपित फुटत नाही. उलट घरात काय चाललंय हे कळतं. मात्र ‘तुमचा फोन आला होता हे मी तिला सांगणार आहे’, एवढं त्याच फोनवर सांगून टाकावं लागतं. नाहीतर समुपदेशक आई आणि मुलीच्या मधोमध दोन बाजूंची गुपितं सांभाळत बसतो, आणि तिथून कुणाचीच मदत होत नाही. आईला बोलायची गरज असेल, आणि ती बहुधा असतेच, तर तिला दुसऱ्या समुपदेशकाचं नाव सुचवायचं. तिचं दुःख खरं असतं. फक्त ते हलकं करायला मुलीचं बोलणं वापरता येत नाही.

याहून अवघड असतात चौकशीचे फोन. लग्न जमवताना स्थळाची चौकशी करायची आपली रीत आहे, आणि आता ती चौकशी दवाखान्यांपर्यंत पोचते. ‘अमुक आडनावाची मुलगी तुमच्याकडे यायची का हो? आमच्या नात्यातलं स्थळ आहे म्हणून विचारतोय.’ इथं नवखा समुपदेशक प्रामाणिकपणे फसतो. जी मुलगी कधी आलेली नसते तिच्याबद्दल तो ‘छे, इथं कुणी नाही’ असं सांगून मोकळा होतो. पुढच्या वेळी जी खरोखर येत असते तिच्याबद्दल म्हणतो, ‘सॉरी, मी सांगू शकत नाही.’ विचारणाऱ्याला उत्तर मिळालेलं असतं. म्हणून आलेल्या आणि न आलेल्या, दोघींबद्दल उत्तर अक्षरशः एकच हवं: ‘इथं कोण येतं, कोण येत नाही, हे आम्ही कुणालाच सांगत नाही.’ हेच वाक्य रिसेप्शनवरच्या ताईंना, साफसफाईला येणाऱ्या मावशींना, शिकाऊ विद्यार्थ्यांना पाठ असायला हवं. एखादी व्यक्ती समुपदेशकाकडे येते एवढी माहितीसुद्धा तिच्या मालकीची आहे. ती काय बोलली हा त्यानंतरचा प्रश्न.

या चौकशीला घाबरायला कारण आहे. हिंदू विवाह कायद्यात ठरावीक स्वरूपाचा, तीव्र मानसिक विकार हा विवाह रद्द ठरवण्याचा किंवा घटस्फोटाचा आधार होऊ शकतो. परीक्षेच्या ताणामुळे कुणी दोन-चार वेळा समुपदेशकाकडे गेलं असेल, तर त्याचा या तरतुदीशी दुरूनही संबंध नाही. पण संसार विस्कटला की वकिलाच्या हाती पडलेली जुनी पावतीसुद्धा अर्जाला जोडली जाते, आणि ज्या बाईनं वेळेवर मदत घेतली तिच्यावरच ती का घेतली याचा जाब द्यायची वेळ येते.

आता जागेकडे पाहू. शहरात समुपदेशकाची खोली म्हणजे बहुतेकदा फ्लॅटमधली एक बेडरूम, नाहीतर डॉक्टरांच्या दवाखान्यात प्लायवूडचं पार्टिशन टाकून काढलेली जागा. प्लायवूडमधून शब्द कळले नाहीत तरी रडणं ऐकू जातं. बाहेर बसलेल्या माणसाला आत कोण आहे हे दिसलेलं असतं, आता तो कसा आहे हेही कळतं. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी, बाहेरच्या खोलीत मंद आवाजात रेडिओ किंवा पंखा, दोन अपॉइंटमेंटमध्ये पंधरा मिनिटांचं अंतर, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो आणि खर्च फार येत नाही. रिसेप्शनच्या टेबलावर मात्र रजिस्टर उघडं असतं. अनुक्रमांक, नाव, मोबाइल आणि पुढे एक रकाना ‘तक्रार’ असा. त्यात निळ्या शाईनं लिहिलेलं: ‘झोप नाही’, ‘नवरा-बायको’, ‘दारू’. पुढचा येणारा आपलं नाव लिहिता लिहिता वरची सगळी नावं वाचतो. गावात ती नावं त्याच्या ओळखीची असतात. हे रजिस्टर ठेवणाऱ्या कुणाच्याही मनात वाईट नसतं. दातांच्या दवाखान्यात असतं, म्हणून इथंही ठेवलेलं असतं.

फोन हे दुसरं उघडं दार. ‘उद्या ५ वाजता तुमचं सेशन आहे’ हा निरोप ज्या फोनवर जातो तो फोन घरात नवराही हाताळतो, मुलंही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्यायचं: निरोप कुठल्या नंबरवर पाठवू, काय शब्दांत पाठवू, फोन दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू? यूपीआयनं पैसे भरले की व्यवहाराच्या यादीत केंद्राचं नाव उमटतं. जिचं बँक खातं सासरे बघतात तिला रोख पैसे द्यायची मोकळीक हवी. इंटरनेटवर एखाद्यानं केंद्राबद्दल वाईट शेरा लिहिला, तर ‘तुम्ही तीनच सेशन्सना आलात, गोळ्याही घेतल्या नाहीत’ असं उत्तर लिहायचा मोह होतो. शेरा लिहिणाऱ्यानं स्वतःचं गुपित स्वतः सांगितलं, म्हणून ते सांगायचा हक्क समुपदेशकाला मिळत नाही.

छोट्या गावात एक प्रश्न हटकून येतो. रविवारी लग्नात, एसटी स्टँडवर, किराणा दुकानात क्लायंट समोर येतो. तिथं नियम साधा आहे: ओळख दाखवायची की नाही हे क्लायंट ठरवेल. तो हसला तर हसायचं, त्यानं मान फिरवली तर आपणही फिरवायची. ‘काय, बरं वाटतंय का आता?’ हा आपल्याकडचा साधा आपुलकीचा प्रश्न मांडवात विचारला, की पंगतीला बसलेल्या दहा जणांना कुणाला काय झालं होतं याचा शोध लागतो. हा नियमही पहिल्या भेटीतच बोलून ठेवावा, म्हणजे बाहेर दिसल्यावर समुपदेशकानं ओळख दाखवली नाही याचं वाईट वाटत नाही.

कायदा काय म्हणतो? २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि १९८७ च्या जुन्या कायद्याची जागा त्यानं घेतली. त्याच्या कलम २३ नं मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयीची आणि उपचारांविषयीची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिला आणि उपचार करणाऱ्या सर्व आरोग्य व्यावसायिकांवर ती गुप्त ठेवण्याचं कर्तव्य घातलं. कलम २४ नं उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना द्यायला मनाई केली, आणि हा हक्क संगणकातल्या माहितीलाही लागू आहे हे स्पष्ट केलं. २०१७ मध्येच २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला.

पण याच कलम २३ मध्ये अपवादही आहेत. रुग्णानं नेमलेल्या प्रतिनिधीला त्याचं काम करता यावं म्हणून, दुसऱ्या डॉक्टरला उपचार करता यावेत म्हणून, कुणाच्या जिवाला धोका असेल तर, दुसऱ्या व्यक्तीला इजा होण्यापासून वाचवायचं असेल तर, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, आणि उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय किंवा अधिकार असलेल्या संस्थेचा आदेश आला तर माहिती देता येते. दुसऱ्याला इजेपासून वाचवण्याच्या अपवादात कायद्यानं एक सुंदर अट घातली आहे: ती विशिष्ट इजा टाळायला जेवढी माहिती लागते तेवढीच द्यायची. मला ही अट सगळ्याच अपवादांना लावावीशी वाटते. आत्महत्येचा धोका दिसला म्हणून घरच्यांना बोलावलं, तर ‘आज रात्री हिला एकटं ठेवू नका, घरातली कीटकनाशकं आणि झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवा, रात्री गरज वाटली तर १४४१६ या टेली-मानस मदतवाहिनीच्या नंबरवर फोन करा’ एवढं सांगणं जिवासाठी पुरेसं असतं. तिचं कुणावर प्रेम आहे, कॉलेजात काय झालं, हे त्यासाठी सांगावं लागत नाही.

एक गोष्ट वाचकांना फारशी ठाऊक नसते. हा कायदा मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, मनोसामाजिक कार्यकर्ते अशा नोंदणीकृत व्यावसायिकांना डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. काही आठवड्यांचा कोर्स करून ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणारा माणूस त्याच्या पकडीत सहज येत नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यानं मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही नोंदणीच्या चौकटीत आणायचं ठरवलं आहे. ती नोंदणी रुळेपर्यंत पाटीमागचं शिक्षण आणि शिस्त तपासण्याची जबाबदारी मदत घेणाऱ्यावरच पडते. हे बरं नाही, पण वस्तुस्थिती आहे.

दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर काय करायचं, हा प्रश्न जगभर ज्या खटल्यामुळे ऐरणीवर आला त्याच्या केंद्रस्थानी एक भारतीय विद्यार्थी होता. प्रसेनजित पोद्दार हा बंगालमधून कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात जहाजबांधणीशी संबंधित उच्च शिक्षणासाठी गेला होता. तिथं तातियाना तारासॉफ या तरुणीशी त्याची ओळख झाली. तिच्या वागण्याचा त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला आणि तिनं नकार दिल्यावर तो कोसळला. विद्यापीठाच्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स मूर यांच्याजवळ ऑगस्ट १९६९ मध्ये त्यानं तिला मारण्याचा बेत बोलून दाखवला. मूर यांनी विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेतलं, माणूस भानावर दिसतो म्हणून तिच्यापासून दूर राहायची ताकीद देऊन सोडलं. त्यानंतर पोद्दारनं उपचारच बंद केले. तातियाना तेव्हा ब्राझीलमध्ये होती. तिला किंवा तिच्या आईवडिलांना कुणीही काही सांगितलं नाही. ती परतली आणि २७ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यानं तिचा खून केला.

तिच्या पालकांच्या दाव्यावर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं आधी १९७४ मध्ये आणि नंतर १९७६ मध्ये निर्णय दिला. पहिल्यात धोक्यातल्या व्यक्तीला इशारा देण्याचं कर्तव्य सांगितलं होतं. दुसऱ्यात ते रुंदावून, तिचं संरक्षण व्हावं यासाठी वाजवी पावलं उचलण्याचं कर्तव्य सांगितलं. या खटल्याचा उल्लेख नेहमी ‘गोपनीयता मोडायला हवी होती’ असा होतो. मला त्यातली वेगळी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. गोपनीयता मोडली गेलीच होती. ती अर्धवट मोडली गेली. पोलिसांना कळलं, त्यामुळे रुग्णाचा विश्वास गेला आणि उपचारांचा शेवटचा धागाही तुटला. पण जिला कळायला हवं होतं तिला मात्र कळलं नाही. तोंड उघडायचंच असेल तर कुणापुढे, किती आणि कशासाठी हे आधी ठरलेलं नसलं, की दोन्ही बाजूंनी नुकसान होतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त ओढाताण होते ती पोक्सो कायद्यापायी. २०१२ च्या या कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचं कुणालाही कळलं, तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. समुपदेशकाला सूट नाही. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्याला कायद्यानं संरक्षण दिलं आहे, हेही खरं. घरातल्या काकाकडून होणारा अत्याचार एखादी मुलगी सांगते तेव्हा हे बंधन तिच्या बाजूनं उभं राहतं, आणि घराण्याच्या अब्रूची भाषा करणाऱ्यांना समुपदेशक ‘माझ्या हातात नाही’ असं ठामपणे सांगू शकतो. पण सतरा वर्षांची मुलगी वर्गातल्या मुलाशी राजीखुशीनं आलेल्या संबंधांबद्दल बोलायला आली, तरी कायदा तेच सांगतो, कारण १८ खालची संमती तो मानत नाही. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये अल्पवयीन मुलींच्या गर्भपाताबाबत डॉक्टरांना थोडी वाट करून दिली. पोलिसांना कळवताना मुलीच्या विनंतीवरून तिचं नाव उघड न करण्याची मुभा दिली. समुपदेशकासमोरचा पेच मात्र कायम आहे. त्यावर एकच प्रामाणिक उपाय दिसतो: मुलीनं बोलायला सुरुवात करण्याआधी तिला सांगायचं की अशा अशा गोष्टी तू मला सांगितल्यास तर मला त्या पुढे कळवाव्या लागतील. काही मुली त्यानंतर गप्प राहतील. तरीही विश्वासानं सगळं बोलून झाल्यावर दारात पोलिस पाहण्यापेक्षा ते गप्प राहणं बरं, निदान ते तिच्या हातातलं असतं.

मुलांच्या बाबतीत पालकांचा हक्कही असतो. अल्पवयीन व्यक्तीचा नेमलेला प्रतिनिधी म्हणजे सामान्यतः तिचा पालकच. म्हणून पहिल्या भेटीत तिघांनी एकत्र बसून ठरवावं लागतं: मूल नियमित येतं का, प्रगती साधारण कशी आहे, जिवाला काही धोका आहे का, हे आईबाबांना कळेल, बोलण्यातला मजकूर कळणार नाही. बरेच पालक हे मान्य करतात, त्यांना फक्त कुणीतरी आधी विचारायला हवं असतं. शाळांमध्ये हे ठरवणं राहून जातं आणि मुख्याध्यापक सहज म्हणतात, ‘या महिन्यात कोण कोण आलं त्यांची यादी द्या.’ कंपन्यांमध्येही तसंच. मालक फी भरतो, म्हणून त्याला किती लोकांनी सेवा घेतली हा आकडा मिळावा. नावं मिळू नयेत.

दुसऱ्याला कधी आणि कसं सांगायचं याचा विचार एचआयव्हीच्या बाबतीत आपल्या कायद्यानं सगळ्यात नेमकेपणानं केला आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका रुग्णाच्या दाव्यात त्याच्या वाग्दत्त वधूच्या जिवाचा हक्क त्याच्या गुप्ततेहून वरचढ मानला होता. पुढे आलेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात जोडीदाराला सांगण्याची पायरी-पायरीची रीत आहे. डॉक्टर किंवा समुपदेशकानं आधी जोडीदाराला खरोखर धोका आहे का हे पाहायचं. मग रुग्णानं स्वतः सांगावं म्हणून त्याला समजवायचं. तो सांगणार नाही अशी खात्री झाली तर ‘आता मी सांगणार आहे’ हे त्याला आधी कळवायचं, आणि मगच जोडीदाराला समक्ष, समुपदेशन करून सांगायचं. पाठीमागून काही नाही. एवढा विचार बाकीच्या कायद्यांतही व्हायला हवा.

कोर्टापुढे काय होतं? वकिलाला अशिलानं सांगितलेली गोष्ट पुराव्याच्या कायद्यानं संरक्षित आहे. पूर्वीच्या कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. डॉक्टरला किंवा समुपदेशकाला असं संरक्षण नाही. कोर्टानं आदेश दिला तर नोंदी द्याव्या लागतात, साक्षही द्यावी लागते. याला आपल्याकडे एक चांगला अपवाद आहे. मुंबई उच्च न्यायालयानं कौटुंबिक न्यायालयांसाठी केलेल्या नियमांनुसार तिथल्या विवाह समुपदेशकासमोर झालेलं बोलणं गोपनीय असतं आणि दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय ते कोर्टापुढे येत नाही. म्हणजे कोर्टाच्या इमारतीतल्या समुपदेशकाकडे बोललेलं सुरक्षित आणि खासगी समुपदेशकाकडे बोललेलं उघडं, अशी विसंगती आज आहे. ती दूर करायला कायद्यात बदल हवा आणि समुपदेशकांच्या संघटनांनी तो मागायला हवा. तोवर एक पथ्य पाळता येतं: वकिलाचं पत्र किंवा नवऱ्याचा अर्ज म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. त्यावर कागद हातात देऊ नये. आदेश आला तर क्लायंटला कळवावं आणि मागितलं तेवढंच द्यावं.

म्हणूनच नोंदी कशा लिहाव्यात याला महत्त्व आहे. फिनलंडमध्ये व्हास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. तिच्या संगणकांतून सुमारे ३३ हजार लोकांची माहिती चोरली गेली. चोरानं आधी कंपनीकडे बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. ती मिळाली नाही तेव्हा ऑक्टोबर २०२० मध्ये त्यानं एकेका रुग्णाला ईमेल पाठवले: इतके युरो द्या, नाहीतर तुमच्या सेशनमध्ये लिहिलेलं सगळं इंटरनेटवर टाकतो. काहींच्या नोंदी खरोखर टाकल्याही. त्यांत व्यभिचार होते, बालपणीचे अत्याचार होते, आत्महत्येचे विचार होते, आणि त्याच जागी नाव, पत्ता, ओळख क्रमांक. कंपनी दिवाळखोरीत गेली, तिला ६ लाख ८ हजार युरोंचा दंड झाला, आणि २०२४ मध्ये चोराला सहा वर्षं तीन महिन्यांची कैद झाली. ज्यांचं आयुष्य उघड्यावर पडलं त्यांना ते परत झाकून घेता आलं नाही.

यातून शिकण्यासारखं बरंच आहे. नाव-पत्ता एका जागी आणि सेशनच्या नोंदी दुसऱ्या जागी, फक्त क्रमांकानं जोडलेल्या असाव्यात. नोंदीत उपचाराला लागेल तेवढंच लिहावं. ‘दिरानं केलेल्या प्रकाराबद्दल बोलली’ याऐवजी ‘कौटुंबिक नात्यातल्या जुन्या आघाताबद्दल बोलणं झालं, झोप सुधारली, पुढच्या वेळी श्वासाचा सराव’ एवढं पुढच्या सेशनला पुरतं. एक सोपी कसोटी आहे: ही नोंद उद्या क्लायंटनं स्वतः वाचली तर त्याला काय वाटेल? ती तो वाचूही शकतो, कारण कलम २५ नं त्याला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. समुपदेशनाच्या नोंदी घरच्या लॅपटॉपवर, मुलांच्या गेम्सच्या शेजारी ठेवणं किंवा अनोळखी अ‍ॅपमध्ये सेशन रेकॉर्ड करणं थांबायला हवं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे, पण दंडाच्या भीतीआधी हा साध्या माणुसकीचा प्रश्न आहे.

गटात बोललेल्या गोष्टींचं काय, असाही प्रश्न येतो. व्यसनमुक्तीच्या कामात गट हाच मोठा आधार असतो. पुण्याच्या मुक्तांगणात १९८६ पासून हे काम चालू आहे, आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसनं नावातच अनामिकता ठेवली. गटात समुपदेशक फक्त स्वतःपुरतं वचन देऊ शकतो, बाकीच्यांच्या वतीनं देऊ शकत नाही. गटाच्या पहिल्या बैठकीत हे उघडपणे सांगायला हवं.

माणूस गेल्यावर गुपित संपतं का? अमेरिकी कवयित्री अ‍ॅन सेक्स्टन १९७४ मध्ये वारल्या. त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांनी उपचारांच्या वेळी केलेल्या ध्वनिफिती मुलीच्या परवानगीनं चरित्रकाराला दिल्या, आणि १९९१ मध्ये चरित्र आलं तेव्हा त्या व्यवसायात मोठं वादळ उठलं. २०२० मध्ये मुंबईत एका तरुण चित्रपट अभिनेत्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मानसिक उपचारांची चर्चा आठवडेच्या आठवडे वृत्तवाहिन्यांवर चालली होती. ज्यांनी ती पाहिली त्या हजारो घरांत कुणीतरी मनात म्हटलंच असेल की आपण कधी अशा ठिकाणी जायचं नाही. मेलेल्याचं गुपित फोडलं की जिवंत माणसं दारातून परत फिरतात.

समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाणार असाल, किंवा घरातल्या कुणाला पाठवणार असाल, तर संकोच न करता विचारा: मी इथं येते हे कुणाकुणाला कळेल? माझ्या नोंदी कुठं ठेवता, किती वर्षं ठेवता, कोण वाचतं? माझ्याबद्दल दुसऱ्या कुणाला सांगावं लागेल अशा वेळा कोणत्या, आणि सांगण्याआधी मला कळवाल का? माझ्या घरून फोन आला तर काय सांगाल? चांगला समुपदेशक ही उत्तरं तुम्ही विचारायच्या आधीच देतो आणि लेखी देतो. उत्तर टाळणारा, ‘विश्वास नाही का?’ म्हणून चिडणारा, किंवा दुसऱ्या क्लायंटची हकिगत उदाहरण म्हणून रंगवून सांगणारा भेटला, तर फी गेली तरी चालेल, दुसरीकडे जा. आणि तुम्ही आई, वडील, नवरा किंवा बायको असाल तर आपल्या माणसाला तिथं सोडून या, बाहेर थांबा, आणि परत येताना ‘काय बोललीस?’ असं विचारू नका.